नाव ठेवले, पण अर्थ सांगितला का?

नामकरण विधीची निमंत्रणे आमच्याकडे नेहमी येतात. हल्ली काही नावे अशी असतात, की अर्थ विचारला तर आईवडीलच एकमेकांकडे पाहतात. नाव गोड आहे, एवढेच उत्तर मिळते.

आपल्या आजा-पणजांची नावे आठवून पाहा. दगडू, धोंडू, कचरू, केराबाई, भिकाबाई. मूल जगत नसले की दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवीत, हे खरे. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदा दाखवणारे असावे! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यातलेच हे कलम.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरी सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, विशाखा आले. बाबासाहेबांनी ही वाट आधीच दाखवली होती. १९४६ साली मुंबईत त्यांनी काढलेल्या महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थ, म्हणजे ज्याचा हेतू सफल झाला तो. त्यावेळच्या औरंगाबादला १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद नाव मिळाले. शब्दकोशात मिलिंद म्हणजे भुंगा. पण आपला मिलिंद तो नव्हे. तो ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा आणि पटल्यावर मान्य करणारा. मिलिंद नावाच्या मुलाने शाळेत प्रश्न विचारले तर त्याला गप्प बसवू नका.

सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. जिची पणजी केराबाई होती, तिने हे नाव मिरवावे, याचा आम्हाला फार आनंद वाटतो. प्रज्ञा, करुणा, समता ही नावे तर बाबासाहेबांनी मे १९५६ मध्ये बीबीसीवरील भाषणात सांगितलेली धम्माची तीन तत्त्वेच आहेत.

एक नाव मात्र आपल्याकडे फारसे दिसत नाही, ते सुनीत. राजगृहात केरकचरा काढणाऱ्या सुनीतांना भगवंतांनी संघात घेतले. थेरगाथेत त्यांच्या गाथा आहेत. ज्यांच्या घरात एखादा कचरू होऊन गेला, त्यांनी या नावाचा जरूर विचार करावा.

आडनावाची कथा निराळी. भाड्याची खोली पाहायला गेले की ‘पूर्ण नाव काय?’ असे दोनदा का विचारतात, हे आम्ही सांगायला नको. गायकवाड, जाधव, मोरे ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी आपल्यातही आहेत, म्हणून विचारणारा फसतो आणि मग गाव विचारतो. कोणी आडनाव बदलून घेतात, त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. खुद्द बाबासाहेबांचे मूळ आडनाव सकपाळ. आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झाले. मात्र भीमा कोरेगावच्या स्तंभावरची, शेवटी ‘नाक’ असलेली १८१८ सालच्या शूरांची नावे मुलांना एकदा वाचून दाखवा.

आता कामाचे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहितात. आईचे नाव नोंदवहीत बरोबर लिहिले आहे ना, हे तिथेच वाचून घ्या.