गोवर म्हणजे देवीचा कोप? मग लस द्यावी का?

आषाढात कोल्हापूरकर पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाईच्या पायरीवर वाहतात. ही श्रद्धा जपत बाळाला गोवराची लसही देता येते. तरीही ‘टोचून घेतले तर देवी कोपेल’ अशी भीती काही घरांत असते.

गोवर विषाणूमुळे होतो आणि खोकल्या-शिंकेतून पसरतो. त्यातून न्यूमोनिया, जुलाब किंवा मेंदूला सूज येऊ शकते.

तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीने ‘देवी’ या रोगाची लस घेतली होती. त्या टोचण्याला ‘देवी काढणे’ असेच म्हणत. १९८० मध्ये तो रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. देवीची देवळे आणि यात्रा मात्र आजही आहेत.

काय करावे?

• गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते.
• ताप व पुरळ आल्यास कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवलात तरी डॉक्टरांना दाखवा. दूध, जेवण, पाणी बंद करू नका.
• धाप, झटके किंवा गुंगी दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.

आजींच्या मनात शंका असेल, तर लसीकरणाला त्यांनाही सोबत आणा.