नेमणुकीचा कागद



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे व इतरांनी ऐकावे, अशी रीत पडली. मी विद्वान नव्हे. कायदा मी महाविद्यालयात शिकलो नाही. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहत बसल्या बसल्या शिकलो. त्यामुळे आज मी कलमांची पोथी वाचणार नाही. नव्या कामगार संहितांत मालकाला काय मिळाले, त्याच्याकडून काय मागितले गेले आणि या व्यवहारात एका साध्या कागदाला एवढे महत्त्व का आले, इतकेच सांगणार आहे. समोर कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, त्यांच्याकडे कामाला जाणारेही आहेत. एकाच सभागृहात दोन्ही पक्ष बसण्याचा योग क्वचित येतो, म्हणून दोघांनाही उद्देशून बोलतो.

प्रथम पार्श्वभूमी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अंमलात आणल्या. वेतन संहिता २०१९ सालची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या तीन २०२० सालच्या. या चार पेट्यांत जुने एकोणतीस केंद्रीय कायदे बंद झाले: वेतनाचे चार, औद्योगिक संबंधांचे तीन, सामाजिक सुरक्षेचे नऊ आणि सुरक्षा-आरोग्याचे तेरा. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९३६ चा वेतन देण्याचा कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा फॅक्टरी कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा ही त्यांतली आपल्या परिचयाची नावे.

एवढे कायदे एकत्र का केले? जुन्या कायद्यांत ‘कामगार’ आणि ‘वेतन’ या शब्दांचे अर्थ कायद्यागणिक वेगळे होते. एकाच माणसाचा पगार बोनसला एक, फंडाला दुसरा आणि ग्रॅच्युइटीला तिसरा. नोंदवह्याही वेगवेगळ्या. छोट्या कारखानदाराला ते सांभाळणे जिकिरीचे होते, हे मी कामगारांच्या बाजूचा असूनही कबूल करतो. २००२ साली दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने हे कायदे विषयवार एकत्र करावेत अशी शिफारस केली होती. म्हणजे ही कल्पना अचानक कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही.

आता मालकाला काय मिळाले ते पाहू. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला कामगार कपात किंवा टाळेबंद करून कायमचे बंद करायचे असले, तर सरकारची परवानगी लागे. आता ही मर्यादा तीनशेवर गेली आहे. गंमत अशी की हा आकडा नवा नाही. १९७६ साली हे कलम प्रथम आले तेव्हा मर्यादा तीनशेचीच होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आली, आणि आता फिरून तीनशे झाली. वीज वापरणारा कारखाना दहा कामगारांवर ‘फॅक्टरी’ ठरे, तो आता वीस कामगारांवर ठरेल. वीज नसलेला विसाऐवजी चाळिसांवर. कंत्राटी कामगारांचे नियम विसांऐवजी पन्नासांपासून लागू होतील. निरीक्षकाचे नावही बदलले. तो आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला. वेतन संहितेतल्या बऱ्याच चुकांत खटला भरण्यापूर्वी त्याने मालकाला चूक दुरुस्त करण्याची संधी द्यावयाची आहे.

संपाचेही नियम कडक झाले. पूर्वी नोटिशीचे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते. आता कोणत्याही उद्योगात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. माझ्यासारख्याला यातले बरेच पटत नाही, आणि आमच्या संघटना त्याविरुद्ध बोलत आल्या आहेत. पण आजचा माझा विषय तो नाही. मालकाच्या हाताला मोकळीक मिळाली, हे तात्पर्य ध्यानात ठेवून पुढे चलू.

या मोकळिकीच्या बदल्यात मागितले काय? मुख्यतः एक गोष्ट मागितली: जे काही ठरले असेल ते लेखी असावे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेने कामावर घेतलेल्या प्रत्येकाला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे. जे आधीपासून कामावर आहेत आणि ज्यांच्याजवळ असे पत्र नाही, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावयाचे आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानदाराने लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नये. वेतन संहिता माणसे मोजत बसत नाही. पगाराची चिठ्ठी देणे ही तिच्याखाली मालकाची जबाबदारी आहे, आणि किमान वेतन आता ठरावीक यादीतल्या धंद्यांपुरते न राहता सर्वांना लागू झाले आहे.

कुणी म्हणेल, एका कागदाचे एवढे काय? त्यासाठी मी पाहिलेली एक हकीगत सांगतो. एका औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा कारखान्यात एक लेथ चालवणारा चौदा वर्षे कामाला होता. मालक जुना, भला माणूस. पगार रोख, पाकिटातून. सणाला उचल, मुलीच्या लग्नाला मदत, सारे तोंडी आणि सारे वेळेवर. मालक वारले, कारभार मुलाकडे आला, आणि वर्षभरात याला घरी बसवले. हिशेब मागायला गेला तेव्हा उत्तर मिळाले, “तुम्ही आमच्याकडे कामाला होता हे दाखवा.” मस्टरमध्ये नाव नव्हते, फंडात नाव नव्हते. चौदा वर्षांचा पुरावा एवढाच निघाला, की दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई तेव्हाचे फोटो त्याच्या बायकोने जपून ठेवले होते. नऊ वर्षांचे नऊ फोटो. प्रत्येकात तोच लेथ, त्यावर झेंडूची माळ, आणि शेजारी हा उभा. ते फोटो घेऊन आम्ही भांडलो. शेवटी तडजोड झाली आणि न्याय्य हिशेबाच्या निम्म्याहून कमी रक्कम हाती आली.

या गोष्टीतला मुलगा दुष्ट होता, असे मी म्हणत नाही. वडिलांनी काय ठरवले होते हे त्यालाही ठाऊक नव्हते. तोंडी शब्द हा दोन माणसांमध्ये असतो. त्यांतला एक गेला की शब्द पोरका होतो. म्हणून भल्या मालकाने तर कागद आधी द्यावा. त्याचा भलेपणा त्याच्यामागे टिकावा, अशी सोय दुसरी कोणती आहे?

कागदावर काय असावे? नाव, हुद्दा, कामाचे स्वरूप, रुजू झाल्याची तारीख, आणि पगार, फोड करून. या फोडीत पुष्कळ गफलत होते, म्हणून ती उदाहरणाने सांगतो. समजा, एकाला महिना वीस हजार रुपये मिळतात: मूळ पगार ८,०००, घरभाडे भत्ता ७,०००, प्रवास भत्ता ५,०००. मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवण्याची ही युक्ती जुनी आहे, कारण फंड आणि ग्रॅच्युइटी मोजताना हे भत्ते सुटत. नवी व्याख्या म्हणते, असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात मिळवा. येथे भत्ते १२,०००, निम्मे १०,०००, म्हणजे वरचे २,००० वेतनात आले आणि हिशेबाचे वेतन १०,००० झाले.

फरक किती पडतो? ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, महिन्याचे सव्वीस दिवस धरून. दहा वर्षांची नोकरी असेल तर ८,००० वर सुमारे ४६,१५० रुपये होतात, १०,००० वर सुमारे ५७,७००. साडेअकरा हजारांचा फरक. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फंडाची कपात बारा टक्क्यांनी ९६० ची १,२०० होईल, म्हणजे त्या कामगाराच्या हाती दरमहा २४० रुपये कमी पडतील. मालकाला तेवढेच आपल्या खिशातून घालावे लागतील. कामगाराने पाकीट हलके झाले म्हणून रागावण्यापूर्वी फंडाचे पासबुक पाहावे. आणि मालकाने हा बदल न समजावता गुपचूप कपात वाढवू नये. अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे मिटते त्याचा तंटा होऊ देणे शहाणपणाचे नाही.

आता मुदतबंद नेमणुकीविषयी. ‘ब्रेक’ हा शब्द आपल्याकडे प्रत्येक कामगार वस्तीत ठाऊक आहे. २४० दिवस भरू नयेत म्हणून सात महिन्यांनी माणसाला घरी पाठवायचे आणि काही दिवसांनी नव्या नावनोंदणीने परत घ्यायचे. नव्या संहितेने ठरावीक मुदतीची थेट लेखी नेमणूक सर्व उद्योगांना खुली केली आहे. अट अशी की, तेच काम करणाऱ्या कायम कामगाराला जो पगार, जे तास आणि जे भत्ते, तेच मुदतीच्या कामगाराला. आणि वर्षभर नोकरी झाली तर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही, पाच वर्षांची वाट न पाहता. चोरून ब्रेक देण्यापेक्षा हे निश्चित बरे. परंतु एक भोक राहून गेले आहे. अशी नेमणूक किती वेळा पुन्हा पुन्हा करावी, याला संहितेत मर्यादा घातलेली नाही. बारमाही चालणाऱ्या यंत्रावर दहा वर्षे एकच माणूस, आणि त्याची नोकरी दरवर्षी संपते, असे होऊ शकते. अशा माणसाला बँक घरकर्ज देत नाही आणि मुलीकडचे स्थळ देत नाहीत. मालकांना माझी विनंती आहे, की काम खरोखर मुदतीचे असेल तिथेच मुदत घाला.

नोकरी संपतानाचेही दोन नियम लक्षात ठेवा. काढून टाकले, कपात झाली किंवा माणसाने स्वतः राजीनामा दिला, तरी त्याचे वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकते केले पाहिजे. राजीनामा देणाऱ्याला ‘पुढच्या महिन्याच्या सात तारखेला या’ असे आता म्हणता येणार नाही. आणि कपात केली, तर प्रत्येक कामगारामागे शेवटच्या पगाराच्या दराने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे. ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. नुकसानभरपाईहून हे निराळे आहे.

वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती हवी; तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, आणि स्त्री कामगारांना त्यांच्या प्रमाणात जागा. पुष्कळ ठिकाणी ही समिती भिंतीवरच्या फलकापुरती असते, असा माझा अनुभव आहे. मोठ्या कारखान्यांतल्या मनुष्यबळ विभागाच्या तरुण अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की समितीपुढे वर्षभरात एकही तक्रार आली नाही, हे भूषण समजू नका. लोक बोलायला भीत असतील, असे आधी समजा.

कामगार बंधुभगिनींनाही दोन शब्द. वाटाघाटीसाठी एकमेव संघटना म्हणून मान्यता हवी असेल, तर आता मस्टरवरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. मस्टरवर नावच नसेल, तर तुमचा पाठिंबा मोजणार कोण? म्हणजे कागद हा केवळ एकट्याच्या हिशेबाचा प्रश्न नाही. संघटनेची गणतीही तिथूनच सुरू होते. तो मागायला संकोच करू नका. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना बांधली आणि रविवारची सुटी मागितली. गिरणीमालकांनी ती १८९० साली मान्य केली. मध्ये सभा झाल्या, सह्यांचे अर्ज झाले, सहा वर्षे गेली. आज तुम्हांला जे मागायचे आहे ते कायद्याने आधीच देऊ केलेले आहे. लोखंड्यांपेक्षा तुमचे काम सोपे आहे.

शेवटी दोन्ही पक्षांना एक काम सांगतो. घरी गेल्यावर कामगाराने आपली ट्रंक उघडून पाहावी, तीत नेमणुकीचा कागद आहे का. आणि मालकाने आपले कपाट उघडून मोजावे, किती जणांचे द्यायचे राहिले आहेत. मोकळीक घेतली आणि कागद राहिला, असे या गावात कुणाविषयी म्हणावे लागू नये. तो लेथवाला गृहस्थ आज हयात नाही. त्याचे नऊ फोटो अजून माझ्या पेटीत आहेत. पुन्हा कुणासाठी तसले पुरावे गोळा करण्याची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.