नाण्यावरील गरुड

प्राचीन रोममधील चांदीच्या नाण्यास ‘दीनारियस’ असे म्हणत. कार्थेजशी झालेल्या दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत, इ. स. पू. २११ च्या सुमारास, ते प्रथम पाडण्यात आले. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द याच नावावरून आला आहे.

या नाण्याचे युद्धाशी असलेले नाते पुढेही टिकले. मार्क अँटनीची नाणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्युलिअस सीझरच्या हत्येनंतर अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांच्यात सत्तेसाठी संघर्ष पेटला. इ. स. पू. ३२-३१ मध्ये सैनिकांचे वेतन देण्यासाठी अँटनीने विपुल नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस वल्ह्यांची युद्धनौका आणि अँटनीची पदे दर्शविणारी अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूस दोन ध्वजदंडांच्या मध्ये गरुडचिन्ह असून सोबत ‘लीजन’चा, म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांच्या दलाचा, क्रमांक आहे. हे क्रमांक तेविसापर्यंत आढळतात. त्यांवरून अँटनीच्या सैन्याच्या रचनेची कल्पना येते.

गरुडचिन्ह हा दलाचा मानबिंदू होता. ते शत्रूच्या हाती पडणे ही मोठी नामुष्की समजली जाई. इ. स. पू. ५३ मध्ये पार्थियनांनी क्रॅससच्या सैन्याची अशी चिन्हे हिरावून घेतली. ती इ. स. पू. २० मध्ये वाटाघाटींतून परत मिळाली, तेव्हा त्या घटनेचे स्मारक म्हणून ऑगस्टसने, म्हणजेच पूर्वीच्या ऑक्टेव्हियनने, नाणी काढली. वेतनाच्या नाण्यावर आपल्याच दलाचा गरुड पाहून सैनिकाला काय वाटत असेल, हे यावरून उमगते.

परंतु अँटनीच्या नाण्यांत हीण अधिक होते. २ सप्टेंबर इ. स. पू. ३१ रोजी ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ॲक्टियम येथे त्याचा पराभव झाला आणि पुढील वर्षी त्याने आत्महत्या केली. नाणी मात्र चलनात राहिली. लोक शुद्ध चांदीची नाणी साठवून ठेवत आणि हिणकस नाणी खर्चून टाकत. सन ६४ मध्ये नीरोने नव्या दीनारियसचे वजन व शुद्धता घटविल्यावर जुनी उत्तम नाणी वितळविली जाऊ लागली. अँटनीची नाणी वितळविण्यात फारसा लाभ नव्हता. त्यामुळे ती सुमारे दोनशे वर्षे हातोहाती फिरली. अनेकांवरील गरुड झिजून पुसट झाला आहे. विजेत्याच्या राज्यात पराभूताचे नाव टिकले, ते नाण्यातील हिणकसपणामुळेच.