एक चित्र, अनेक रंगयोजना
डिजिटल चित्रकला : लेखांक सातवा

मागील लेखांकात चित्राचे लेयर, म्हणजे थर, कोणत्या क्रमाने रचावेत याचा तपशील आपण पाहिला. ती सारी तजवीज ज्या कामाकरिता करावयाची, त्या कामाकडे आता वळू. पूर्ण झालेल्या एकाच रेखाटनातून तीन-चार निरनिराळ्या रंगयोजना सिद्ध करणे हे ते काम. प्रकाशकास मुखपृष्ठाचे पर्याय हवे असतात, हे त्याचे व्यावहारिक प्रयोजन होय. परंतु कोणत्या रंगांत आपल्या चित्राचा आशय सर्वांत सुस्पष्टपणे प्रकट होतो, हे चित्रकाराला स्वतःच्या डोळ्यांनी पारखता यावे, हे प्रयोजन मला अधिक मोलाचे वाटते.

ही कल्पना संगणकाने प्रथम जन्माला घातली असे मात्र कोणी समजू नये. जपानात १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या काळी बहुरंगी काष्ठमुद्रणाचा प्रघात पडला, तेव्हा काळ्या रेषेचा एक मुख्य ठसा आणि प्रत्येक रंगाचा स्वतंत्र ठसा, अशी व्यवस्था होती. आणि ठसे तेच ठेवून शाई बदलली की चित्राचा भावही पालटतो, हे तेथील मुद्रकांना पुरते ठाऊक होते. होकुसाईच्या ‘लाल फूजी’ या प्रसिद्ध चित्राच्या आरंभीच्या प्रती फिकट गुलाबी छटेच्या आहेत आणि नंतरच्या प्रतींत तोच पर्वत गडद तांबडा झालेला दिसतो. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, तेथेही रंगागणिक वेगळा दगड लागे. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, तरी त्यात थरांची सोय १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली. आणि मूळ रंगाला हात न लावता वरून फेरफार करणारे ‘अ‍ॅडजस्टमेंट लेयर’ १९९६च्या चौथ्या आवृत्तीत आले. या शेवटच्या सोयीमुळे केलेला प्रत्येक बदल केव्हाही रद्द करण्याची मुभा चित्रकाराला मिळाली. क्रिता या विनामूल्य प्रणालीत हेच काम ‘फिल्टर लेयर’ करतो.

आता उदाहरण घेऊ. वाड्याच्या चौकात सांजवेळी तुळशीपुढे दिवा लावणारी एक स्त्री. अंगावर पिवळे लुगडे, मागे तपकिरी भिंत. सर्वांत खाली सपाट रंगांचे थर, म्हणजे भिंत, लुगडे, त्वचा, वृंदावन असे प्रत्येक वस्तूचे वेगळे. त्यांवर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीचा सावलीचा थर, त्यावर ‘स्क्रीन’ पद्धतीचा दिव्याच्या उजेडाचा थर, आणि सर्वांच्या वर रेषा. लुगड्याचा पिवळा लाल २४०, हिरवा १९०, निळा ४० या अंकांनी आणि सावलीचा जांभळट रंग १५०, १२०, १७० या अंकांनी बनलेला आहे असे धरा. मल्टिप्लाय पद्धतीत दोन्ही थरांच्या त्या त्या अंकांचा गुणाकार करून त्यास २५५ने भागतात. म्हणून निऱ्यांच्या घडीत १४१, ८९, २७ असा खमंग तपकिरी रंग उमटतो. लुगडे पुढे निळे केले, तर सावली पुन्हा रंगवावी लागत नाही. गुणाकार आपोआप नव्याने होतो. ज्याने सावली लुगड्याच्याच थरावर मिसळून रंगवली, त्याला मात्र प्रत्येक घडी पुन्हा हाताळावी लागेल, आणि चार पर्यायांपायी त्याचा आठवडा खर्ची पडेल.

येथवरचे काम यांत्रिक आहे. खरी कसोटी लागते ती यानंतर. ‘ह्यू’ची पट्टी सरकवली की लुगडे क्षणात निळे होते, आणि नवशिका त्या चमत्कारानेच संतुष्ट होतो, पण रंगछटेबरोबर रंगाचा दृश्य उजेडही बदलतो, याचे भान त्याला राहत नाही. डोळ्याला हिरव्या घटकाचा उजेड सर्वाधिक आणि निळ्याचा सर्वांत कमी जाणवतो. म्हणून उजेड मोजण्याच्या एका रूढ सूत्रात लाल घटकाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला अवघे ०.११४ इतके वजन दिलेले आहे. या हिशेबाने आपल्या पिवळ्या लुगड्याचा उजेड १८८ भरतो. त्याच्या जागी ५०, ७०, १५० असा गडद निळा घातला, तर तो ७३वर उतरतो. आणि मागच्या भिंतीचा रंग ९०, ६५, ५० असेल, तर तिचा उजेड ७१ आहे! जी आकृती भिंतीपुढे ठसठशीत उभी होती ती भिंतीतच विरून जाते, आणि रेखाटनात तिळमात्र दोष नसतानाही चित्र फसते. १५०, १९५, २२५ असा फिका आकाशी निवडला, तर उजेड १८५ येतो. लुगडे निळे होते आणि आकृतीही जागच्या जागी राहते. गडद निळाच हवा असेल तर भिंत उजळावी, पण दोहोंतील अंतर राखल्यावाचून गत्यंतर नाही. ही परीक्षा अंकांनीच करावी असेही नाही. सर्व थरांच्या वर काळ्या रंगाने भरलेला एक थर ठेवून त्याची पद्धत ‘कलर’ करावी, म्हणजे फोटोशॉपमध्ये संपूर्ण चित्र करड्या छटांत दिसते. त्यात आकृती वाचता आली नाही, तर ती रंगयोजना बिनदिक्कत बाद करावी.

प्रहर बदलावयाचा असेल, तर सपाट रंगांपेक्षा सावलीच्या थराकडे आधी जावे असे माझे मत आहे. पहाटेकरिता जांभळट सावली निळसर करावी, तर श्रावणातल्या ढगाळ दुपारी तिची धार बोथट करून ती फिकी करावी लागते, आणि दिव्याच्या उजेडाचा थर जवळजवळ मिटवावा लागतो, कारण भरदिवसा निरांजनाचा प्रकाश भिंतीवर पडत नाही. निव्वळ रंगांचा म्हणून हाती घेतलेला फेरफार असा प्रकाशाच्या स्वरूपापर्यंत जाऊन पोहोचतो. रेषेचीही उपेक्षा करू नये. पहाटेच्या कोवळ्या रंगांवर शुद्ध काळी रेषा कर्कश वाटते, म्हणून रेषेच्या थराची पारदर्शकता कुलूपबंद करून तिला गडद निळा वा तपकिरी रंग द्यावा.

प्रत्येक रंगयोजनेचे अ‍ॅडजस्टमेंट लेयर एका स्वतंत्र गटात ठेवून गटाला ‘पहाट’, ‘सांज’ असे स्पष्ट नाव द्यावे. फोटोशॉपमध्ये ‘लेयर कॉम्प’ या सोयीने कोणते थर दृश्य आणि कोणते अदृश्य याची नोंद होते, आणि एका टिचकीसरशी एका योजनेतून दुसरीत जाता येते. मूळ दस्तऐवज एकच राहतो, त्यामुळे पदराची एखादी चुकलेली रेषा दुरुस्त केली की ती सर्व पर्यायांत दुरुस्त होते. चार वेगवेगळ्या नकला करणाऱ्याला हा लाभ नाही.

पुढील लेखांकात याच चित्राची छपाईकरिता तयारी करताना पडद्यावरचे रंग कागदावर का मंदावतात, याचा विचार करू. तत्पूर्वी वाचकांनी स्वतःचे एखादे जुने थरबद्ध चित्र उघडून त्याच्या दोन रंगयोजना अवश्य करून पाहाव्यात, आणि करड्या छटांतील परीक्षा झाल्यावाचून त्यांपैकी एकीलाही मंजुरी देऊ नये.