चुकायला जागा देणारा खेळ

शाळेत स्मार्ट टीव्ही बसला की गाव म्हणतं, आपली शाळा डिजिटल झाली. पण मुलं घरी टीव्हीपुढे बसतात तशीच वर्गातही बसली, तर शाळेत नवं काय झालं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. नवं साधन किंवा खेळ वर्गात आणायचा म्हटलं की मी एवढंच बघते: यात मुलाला चुकायला जागा आहे का, आणि झालेली चूक त्याची त्याला दिसते का?

या कसोटीला उतरलेलं माझं आवडतं साधन म्हणजे स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ते मोफत आहे आणि एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. प्रोग्रॅमच्या सूचना यात रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात. ‘पुढे चल’, ‘वळ’, ‘हेच इतक्या वेळा कर’ असे ठोकळे एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं केशरी मांजर तसं वागतं. पेनाचे ठोकळे घेतले तर चालता चालता रेघही ओढतं.

सातवीच्या मुलांना मी समभुज त्रिकोण काढायला सांगते. एका संगणकावर चौघं. एकाच्या हातात माउस, एक सूचना सांगणार, एक वहीत नोंद करणार आणि चौथा आधीच अंदाज बांधणार. दर थोड्या वेळाने जागा बदलायच्या. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे सगळ्यांना तोंडपाठ. म्हणून मुलं हमखास लिहितात: १०० पावलं चल, ६० अंश वळ, हेच तीन वेळा कर. मांजर निघतं, तीन रेघा ओढतं, पण आकृती बंद होतच नाही. ‘बाई, हे भलतीकडेच चाललंय!’ अशी हाक येते.

अशा वेळी उत्तर सांगायचं नाही. मुलांना पटांगणात न्यायचं, खडूने मोठा त्रिकोण आखायचा आणि एकीला मांजर करायचं. ती रेघेवरून चालत कोपऱ्यापर्यंत येते. पुढच्या रेघेकडे तोंड करायला तिला किती वळावं लागतं, ते बाकीचे बघतात. ६० अंशांचा कोन आत राहतो आणि तिचं अंग बाहेरच्या बाजूने फिरतं, १२० अंशांतून. तीन कोपऱ्यांवर वळून झालं की ती निघताना जिकडे बघत होती तिकडेच पुन्हा बघते, म्हणजे पूर्ण ३६० अंश फिरलेली असते. बाह्यकोनाची व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे पायांनी कळतं. मग चौरसाला ९०, पंचकोनाला ७२ ही गणितं मुलंच मांडतात. कुणीतरी षटकोनाला ६० काढतं आणि मघाचा प्रोग्रॅम पुन्हा उघडतं. तीनच्या जागी सहा लिहिलं की आकृती बंद! ‘चुकलेलं’ उत्तर षटकोनाचं होतं, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघावेत.

या पद्धतीचं मूळ सेमूर पेपर्ट यांच्या कामात आहे. जन्म दक्षिण आफ्रिकेतला. जिनिव्हात त्यांनी बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम केलं. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. तिच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारं एक यांत्रिक कासव चालायचं. मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करतं आणि भूमिती त्याच्या अंगात उतरते, हा पेपर्ट यांचा आग्रह होता. स्क्रॅच घडवणारे मिचेल रेझनिक हे त्याच परंपरेतले.

संगणक नसेल, फक्त शिक्षकाचा फोन असेल, तरी अडत नाही. प्लिकर्स नावाच्या ॲपसाठी प्रत्येक मुलाला काळ्यापांढऱ्या नक्षीचा एक छापील कागद द्यायचा. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपल्याला पटलेलं उत्तर वर येईल असा कागद धरायचा. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय निवडलं ते फोनवर दिसतं. शेजाऱ्याला नुसती नक्षी दिसते, त्यामुळे कधीच हात वर न करणारी मुलंही उत्तर देतात. ‘उणे ७ मोठी की उणे ३?’ असं विचारलं की बरेच कागद उणे ७ कडे झुकतात. तेव्हा मी उत्तर जाहीर करत नाही. ‘शेजाऱ्याला पटवून द्या’ म्हणते आणि थोड्या वेळाने पुन्हा कागद वर करायला लावते. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात विद्यापीठात रुजवलेली ही रीत सातवीतही उत्तम चालते.

याउलट, घड्याळ लावून घाईने उत्तरं मागणारे खेळ मी टाळते. त्यांत तीच दोन-चार मुलं जिंकतात आणि बाकीची अंदाजपंचे बोट दाबायला शिकतात. विज्ञानात, पडद्यावर विद्युत परिपथ जोडून बघण्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ हे साधन सुरेख आहे. तरी सेल, वायर आणि बल्ब हाताशी असतील तर आधी खरा बल्बच पेटवावा. पडदा त्यानंतर.

हे सगळं मोठ्या शहरांतच जमतं असं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला आणि पालकांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या सभेत शाळेत टॅब किती आले हे जरूर विचारा. पण त्यांवर मुलांनी स्वतः काय बनवलं, हेही विचारा आणि ते दाखवायला मुलांनाच पुढे बोलवा. एखाद्याचं चुकलं तर मध्ये बोलू नका. त्याचं त्याला दुरुस्त करू द्या.