कुजक्या खोडाची किंमत

फिनलंडच्या एक युरोच्या नाण्यावर उडत्या हंसांची जोडी आहे. हा हूपर हंस आज त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी असला, तरी १९५०च्या सुमारास त्याच्या जेमतेम पंधराएक जोड्या उरल्या होत्या. शिकारीवर १९३४ पासूनच बंदी होती, पण ती कागदावरच राहिली. युर्यो कोक्को या पशुवैद्य लेखकाचं हंसावरचं पुस्तक १९५० मध्ये आलं, लोकांचं मन पालटलं, बंदुका थांबल्या आणि आज तिथे हंसांच्या हजारो जोड्या आहेत. पक्ष्यांवर माया केली की ते वाचतात, असं यावरून कुणालाही वाटेल. फिनलंडच्या रानातला एक अगदी साधा पक्षी मात्र मायेवर भागत नाही हे दाखवून देतो.

हा पक्षी म्हणजे विलो टिट, आपल्याकडच्या वल्गुलीच्या कुळातला. काळी टोपी, करडं अंग आणि वजन दहा-बारा ग्रॅम. तो हिवाळ्यात स्थलांतर करत नाही. डिसेंबरात हेलसिंकीत दिवस सहा तासांचाही नसतो. तेवढ्यात खाऊन साठवलेली चरबी रात्रभर जाळायची आणि शरीराचं तापमान काही अंशांनी उतरवून ती पुरवायची, असा त्याचा हिशेब. त्यासाठी तो शरद ऋतूतच हजारो बिया, किडे, कोळी सालीच्या फटींत आणि दगडफुलाखाली दडवून ठेवतो. त्याची कणगी अशी झाडांवरच विखुरलेली असते. वसंतात तो बहुधा नवं घर कोरतो. चोच इवलीशी, म्हणून त्याला कुजून मऊ झालेलं बर्चचं खोडच लागतं.

लोक थंडीत सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे टांगतात, ते पुरेसं नाही का? त्याच्याच कुळातल्या ग्रेट टिटला त्याचा फायदा नक्कीच झाला. या दाण्यांच्या आणि लाकडी घरट्यांच्या आधारानं तो उत्तरेकडे पसरत गेला. पण तो आयत्या पोकळीत राहणारा. विलो टिट स्वतः कोरल्याशिवाय सहसा अंडी घालत नाही, त्यामुळे रिकामी पेटी त्याच्या फारशी कामाची नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: देशाची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली असताना झाडांची वाण कुठली? झाडं आहेतच, पण बहुतेक जंगल लाकडासाठी राखलेलं. तोडीआधी खालची झुडपं साफ होतात, कुजकी खोडं आडवी होतात आणि मग सरसकट तोड. विलो टिट आपला पट्टा सहसा सोडत नाही. तोड झाली की घर आणि साठा दोन्ही एकदम जातात. धोक्यातल्या जातींच्या २०१९च्या लाल यादीत फिनलंडनं त्याला संकटग्रस्त ठरवलं.

अजूनही तो रानात दिसतो, मग घाई कशाला, असंही कुणी म्हणेल. सामान्य पक्ष्याची घट नुसत्या डोळ्यांना कळत नाही, हाच तर धोका आहे. ती कळते १९५६ पासून दर हिवाळ्यात ठरलेल्या वाटांवर पायी फिरून होणाऱ्या गणनेमुळे. अशी सलग नोंद नसती, तर या घसरणीचा पत्ता फार उशिरा लागला असता. शिवाय उपाय महाग नाही. तोड करताना काही बर्च पुरुषभर उंचीवर कापून उभे ठेवायचे आणि जुनी कुजकी खोडं पाडायची नाहीत. फिनलंडमध्ये काही ठिकाणी हे होतही आहे. आता ते प्रत्येक तोडीत व्हायला हवं.