मद्यमुक्तीसाठी स्वमदत गट : भिवंडी परिसराच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना

मद्यासक्ती हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे, ही भूमिका वैद्यकशास्त्राने स्वीकारून बराच काळ लोटला आहे. तथापि उपचाराचा विचार आजही बहुधा रुग्ण घरी परतण्यापाशी येऊन थांबतो. वस्तुतः खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. दिल्लीच्या एम्सने केंद्र शासनासाठी केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्याही स्वरूपाचे साहाय्य मिळते. या पार्श्वभूमीवर स्वमदत गटाचे स्वरूप, त्याची सभा शोधण्याची रीत आणि भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या नगरात तीत टिकून राहण्यातील अडचणी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व परंपरा

१९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन व शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अर्थात ‘एए’ ही संघटना उदयास आली. एका मद्यासक्ताचे बोलणे दुसऱ्या मद्यासक्तालाच अधिक भिडते, हा तिचा मूळ अनुभव होय. सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असते. शुल्क नसते, खर्च सभासदांच्या स्वेच्छा-वर्गणीतून भागतो. ‘बारा पायऱ्यां’मध्ये ईश्वराचा उल्लेख असला तरी तो ‘आपल्याला समजेल तसा’ घ्यायचा असल्याने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस तेथे स्थान असते.

महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन, तर डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. रुग्णांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने ‘सहचरी’ हा गट चालविला. एएच्या विचारातून निघालेली ‘अल-अ‍ॅनॉन’ ही कुटुंबीयांची स्वतंत्र संघटना आहे.

या पद्धतीची परिणामकारकता केवळ श्रद्धेचा विषय राहिलेली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांचा विचार करण्यात आला. एएशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार सलग मद्यमुक्ती टिकविण्यात अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

सभा शोधताना

प्रथम एक इशारा आवश्यक आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत झटके वा भ्रमावस्था उद्भवून जीवावर बेतू शकते. म्हणून आरंभी वैद्यकीय सल्ला घ्यावा. सभा हा त्या उपचाराचा पर्याय नसून त्यापुढील दीर्घ वाटचालीचा आधार आहे.

सभा दोन प्रकारच्या असतात. ‘बंद’ सभा केवळ मद्यासक्तांसाठी, तर ‘खुली’ सभा कुटुंबीय, विद्यार्थी व अभ्यासकांनाही खुली असते. नवागताने बोललेच पाहिजे असे नाही. नुसते ऐकत बसले तरी चालते. पूर्ण नाव विचारले जात नाही. प्रत्येक जण स्वतःचा अनुभव सांगतो. दुसऱ्याला उपदेश करीत नाही. एका सभेवरून मत न बनविता निरनिराळ्या गटांच्या काही सभा पाहाव्यात. सरकारची १४४४६ ही विनामूल्य व्यसनमुक्ती मदतवाहिनी, जवळचे व्यसनमुक्ती केंद्र अथवा एएचे कार्यालय यांच्याकडे चौकशी करता येते. चौकशीत ठिकाणाइतकीच भाषा व वेळ विचारावी.

भिवंडीतील विशेष अडचणी

येथील यंत्रमाग कामगार सामान्यतः बारा तासांच्या पाळीत काम करतो व दिवसपाळी-रात्रपाळी आलटूनपालटून येते. संध्याकाळची ठरावीक सभा त्याला एका पाळीत जमते, दुसऱ्या पाळीत हुकते. उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातून आलेल्या अनेकांचे कुटुंब गावी असते; ज्या खोलीत राहायचे त्याच खोलीत सोबती पीत असतात. कुटुंबाच्या आधारावर उभी असलेली उपचाररचना येथे अपुरी पडते आणि गट हाच आप्तांच्या जागी येतो. मराठीबरोबर हिंदी, उर्दू व तेलुगू बोलणाऱ्यांस आपल्या भाषेत बोलता येणे म्हणूनच महत्त्वाचे. ज्या समाजात मद्य धर्मतः निषिद्ध आहे तेथे ओळख उघड होण्याची भीती अधिक असते. ठाणे, कल्याण वा मुंबईतील सभेस जाता येते; परंतु थकलेल्या माणसाच्या दृष्टीने प्रवासाचा एक तासही न जाण्यास पुरेसे कारण ठरतो.

महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालय सकाळी व सायंकाळी, अशा दोन वेळांना एखादी वर्गखोली उपलब्ध करून दिल्यास पाळीची अडचण बऱ्याच अंशी सुटेल. मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. प्रवेशद्वारावरील नोंदवहीत नाव लिहिण्याची सक्ती केल्यास निनावीपणाच संपुष्टात येतो. गटाचे स्वावलंबनाचे तत्त्व लक्षात घेऊन त्याने देऊ केलेले अल्प भाडे नाकारू नये. प्रकल्पासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी खुल्या सभेसच जावे व तेथे ऐकलेले बाहेर सांगू नये. व्यसनाशी झगडणारा विद्यार्थी वा सहकारी आपल्यातही असू शकतो. त्याला ठपका ठेवण्याऐवजी सभेचा पत्ता देणे हे प्राध्यापकाच्या हाती असते.

समारोप

स्वमदत गटाचे बळ त्याच्या सातत्यात आहे. ते सातत्य केवळ व्यक्तीच्या निर्धारावर नव्हे, तर सभेची जागा, वेळ, भाषा व गुप्तता यांवरही अवलंबून असते. भिवंडीत या चार गोष्टींची सोय करणे हे मद्यमुक्तीच्या प्रबोधनपर व्याख्यानाइतकेच, किंबहुना अधिक, निकडीचे कार्य आहे.